सवाशिणीचा आवाज

रंगूबाईला एकच गोष्ट हवी होती, आणि ती काही फार मोठी नव्हती. नातीच्या लग्नात, चार लोकांसमोर, धवल्यात नातीचं नाव घ्यायचं होतं. बस्स. पावणे गावात आणि आजूबाजूच्या गावांत मिळून चारशे तरी पोरींची नावं तिनं आजवर अशी घेतली होती. काही चांगल्या नांदल्या, काही चार महिन्यांत बोचकं घेऊन परत आल्या, ते ज्याचं त्याचं नशीब. पण रंगूबाईनं नाव घेतल्याशिवाय त्यांतल्या एकीलाही हळद लागली नव्हती. आता घरचीच पोर उभी राहणार होती. मग तिचं नाव कोणी घ्यायचं? शेजारणीनं?

धवलारीण म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नसेल तर ऐका. आगऱ्यांच्या घरी भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण खरं लग्न लावते ती धवलारीण. हातात पुस्तक नाही, कागद नाही. बसल्या जागी तीन-तीन तास गाते, देवांना बोलावते, तेल चढवते, हळद लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात, आणि प्रत्येक धवल्यात नवरीच्या नावाला जागा ठेवलेली असते. नाव आलं की बायका डोळ्यांना पदर लावतात. नाव नसलं तर ते नुसतं गाणं, त्याला काही अर्थ नाही.

तर नात म्हणजे भाविका, महाप्याच्या आयटी पार्कात कामाला. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शौनक, ऐरोलीचा. त्याची आई मीना शाळेतून रिटायर झालेली बाई, हसतमुख आणि भारी उत्साही. रंगूबाईचा नवरा रामचंद्र चैत्रात वारला होता. त्याचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून मांडव नाही, हळद नाही, दारात बँजो नाही. सकाळी रजिस्टर लग्न आणि संध्याकाळी कोपरखैरण्याला हॉलमध्ये रिसेप्शन, असं ठरलं. हॉलवाल्यानं सांगितलं, साउंड तुमचा तुम्ही आणा. त्याची काही अडचण नव्हती. रंगूबाईचा मुलगा, म्हणजे भाविकाचा बाप प्रितम, साउंडच भाड्यानं देतो. घराच्या खालच्या गाळ्यात त्याचे स्पीकर छतापर्यंत रचलेले असतात.

बैठकीत मीनाताई म्हणाल्या, "सिनेमाची गाणी काय, सगळेच लावतात हो. तुमच्याकडचे ते धवले असतात ना, ते असू देत की. आमच्या लोकांना काहीतरी वेगळं ऐकायला मिळेल."

रंगूबाई दाराआड बसली होती. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवसापासून ती सकाळी कोमट पाणी पिऊ लागली आणि दुपारी भिंतीकडं तोंड करून गुणगुणू लागली. नवरा गेल्यापासून बाईच्या तोंडून सूर निघाला नव्हता, तो आता निघाला. तुम्हाला वाटेल घरच्यांना बरं वाटलं असेल.

चार दिवसांनी सून शांती भाकऱ्या थापताना म्हणाली, "आये, तुमी तयारी कला करताय, कशापायी? प्रितम रेकॉर्डिंग लावनार हाय."

"कनाचं रेकॉर्डिंग?"

"तुमचंच."

"मी हाय ना जित्ती. माझं रेकॉर्डिंग कला लावायचं?"

शांतीनं प्रितमकडं पाहिलं. प्रितमनं ताटाकडं पाहिलं. असला मुलगा. पंधरा हजार वॅटचा आवाज उडवतो, पण आईपुढं तोंड उघडायची वेळ आली की मूग गिळून बसतो. शेवटी शांतीनंच ते सांगितलं, आणि सांगताना परातीतलं पीठ मळायचंही थांबवलं नाही.

"बाबा गेलं ना, आये. आता तुमी उभं ऱ्हाऊन नवरीचं नाव घेनार, बरं दिसल काय? त्यांची लोकं शिकलेली हायत. काय बोलतील, यांच्याकडं रांडमुंड बाई लग्नात पुढं होते?"

रंगूबाईच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. पण ती गप्प बसणारी नव्हती. म्हणाली, "मना शिकवली ती रखमा विधवा हुती. वीस वर्सं पांढऱ्या कपाळानं गायली. कंच्या पोरीचं वाईट झालं? धवलारनीला नवरा नाय लागत, गळा लागतो."

"ते गावात," प्रितम पहिल्यांदा बोलला. "ह्यो हॉल हाय, आये. टेन्शन नको ना देऊ. आवाज तुजाच हाय, मग काय प्रॉब्लेम?"

"मग आता गाते, आता घे रेकॉर्ड करून. भाविकाचं नाव घालून देते."

"आता केलं तर तेच झालं ना," शांती म्हणाली. "मनालीच्या हळदीला प्रितमनं मिक्सरवरनं घेतलंय, त्येच लावायचं. तवा बाबा होतं. तो आवाज सवाशिनीचा हाय."

म्हणजे बघा. बाई चालत नाही, तिचा आवाज चालतो. तोही आजचा नाही, दोन वर्षांपूर्वीचा. आणि हे सगळं मीनाताईंच्या माणसांना काय वाटेल म्हणून, ज्यांना एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं.

"मनालीच्या?" रंगूबाई म्हणाली. "त्या पोरीचं काय झालं ठाऊक नाय तुमाला?"

ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मनाली खालच्या आळीतली, विमलबाईची एकुलती एक मुलगी. पनवेलच्या पलीकडं दिली होती. लग्नानंतर सातव्या महिन्यात गच्चीवरून पडून गेली असा फोन आला. कशी पडली, का पडली, ते सासरच्यांनी आजतागायत धड सांगितलेलं नाही. पोलीस आले, चहा पिऊन गेले.

"बाकीच्या रेकॉर्डिंगात बँजो घुसलाय," प्रितम म्हणाला. "एवढं एकच क्लिअर हाय. नाव कापून टाकू. नाव कापलं की झालं."

असं आहे या लोकांचं. जिवंत विधवेनं अपशकुन होतो. मेलेल्या पोरीची हळद मात्र चालते, कारण आवाज क्लिअर आहे.

रविवारी दुपारी प्रितमनं गाळ्यात लॅपटॉप उघडला आणि आईला खाली बोलावलं. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग होतं. एवढं ऐकत कोण बसणार? चार वाजता त्याला दिघ्याला साउंड पोचवायचा होता, टेम्पो दारात उभा होता. म्हणाला, "आये, तुला तोंडपाठ हाय. तू सांग कुठं कुठं नाव येतं, मी काप मारतो." भाविका एका बेसच्या खोक्यावर बसून बाकीच्या गाण्यांची लिस्ट करत होती. शांती दारात तांदूळ निवडत होती.

रेकॉर्डिंग सुरू झालं. रंगूबाईनं स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. चांगला होता. भरलेला, कुठं न चिरकणारा. पहिल्या धवल्याच्या मध्येच मागून कुणीतरी खोकलं, दोनदा, कोरडं. रंगूबाईनं लॅपटॉपवर हात ठेवला. रामचंद्रचा खोकला होता तो. मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि असाच खोकायचा.

"हा आवाज काढू काय?" प्रितमनं विचारलं.

"राहू दे," शांती दारातून म्हणाली. "तवा जित्ते होतं ते कळतंय."

भाविका फोनमधून डोकं वर न काढता हसली. मुद्दाम नाही हसली, पण हसली. रंगूबाईला वाटलं, हिनं तरी एकदा म्हणावं, आजी गाईल. एकदाच. लहानपणी हीच पोर मांडीवर बसून धवल्यात स्वतःचं नाव घालायला लावायची आणि टाळ्या पिटायची. आता तिनं वर बघून एवढंच विचारलं, "पप्पा, किती मिनिटांचं होईल? जास्त लांब नको हां, माझ्या मैत्रिणी बोअर होतील."

तेव्हा रंगूबाईच्या मनात काहीतरी आंबलं.

ती सांगत गेली. "आता येल. थांब. काप." प्रितम कापत गेला. तेलाच्या धवल्यात दोनदा, हळदीत तीनदा, बाशिंगाच्या धवल्यात एकदा. पोरीच्या नावाचे तुकडे पडद्यावरून नाहीसे होत गेले. मग शेवटची सोपवणी राहिली, तोवर शांती तांदूळ घेऊन वर गेली होती. सोपवणी हा लहानसा धवला रंगूबाईला रखमानं शिकवलेला. तो अगदी शेवटी, बायकाबायकांत म्हणायचा, तेव्हा पुरुष बाहेर बँजोवर नाचत असतात. मनालीच्या हळदीला बँजो लांब आळीच्या तोंडाशी होता, आणि प्रितम मिक्सर चालू ठेवून तिथं सगळ्यात पुढं नाचत होता. त्यानं सोपवणी जन्मात ऐकली नव्हती, आणि मैत्रिणींच्या घोळक्यात नाचणाऱ्या भाविकानंही नाही.

"शेवटची सोपवनी तशीच ठेव," रंगूबाई म्हणाली. "वरमाय नवरीचा हात धरल ना, तवा लाव. आशीर्वाद हाय त्यो."

"त्याच्यात नाव येतं?"

"नाय."

"नक्की ना आये? परत बघत नाय मी."

"नाय बोल्ले ना."

प्रितमनं लॅपटॉप मिटला. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. रंगूबाई जिना चढून वर आली आणि देवापुढं बसली, पण देवाला काही बोलली नाही. तिचा हिशोब सरळ होता. भर हॉलात चुकीचं नाव येईल. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळेल. मग धावत येतील, आये तूच गा म्हणून पाय धरतील. मग ती उठेल, पदर खांद्यावरून घेईल आणि नातीचं नाव असं घेईल की भिंती ऐकतील. एवढंच तिच्या डोक्यात होतं. मनालीची आई गावातच राहते, हे तिच्या डोक्यात आलंच नाही म्हणावं, तर ते खोटं होईल. आलं होतं. पण विमलबाई पोर गेल्यापासून कुणाच्या कार्याला जात नव्हती. ती कशाला येतेय, म्हणून रंगूबाईनं तो विषय मनातल्या मनात मिटवला.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारी भाविका पार्लरला जायच्या आधी पाया पडायला आली. फिकट राखाडी रंगाची साडी आणली होती आजीसाठी. म्हणाली, "आजी, ही नेस. डिसेंट दिसेल. आणि तुझाच आवाज आहे ना, मग तूच गायलीस असं समज."

"पाठवनीला तरी एक ओळ बोलू?" रंगूबाईनं विचारलं. शरम सोडून विचारलं. "माईक नको. तुज्या कानात बोलते."

"आजी, प्लीज ना. मेकअप होईल, रडवू नको मला. आणि फोटोच्या वेळी मम्मी बोलवेल तेव्हाच ये हां स्टेजवर, गोंधळ नको." तिनं आजीच्या गालाला गाल लावला आणि ती गेली.

तरीही सांगता आलं असतं. सात वाजेपर्यंत वेळ होता. रंगूबाईनं साडी नेसली.

हॉल झकपक होता. पुढं सोफे, मागं पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्या, आणि अगदी शेवटी हात धुवायची जागा. रंगूबाईला शेवटच्या रांगेत बसवलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना प्रितमचे स्पीकर उभे होते, आणि तो मागच्या कोपऱ्यात मिक्सरमागं कानाला हेडफोन लावून बसला होता. पोरीच्या रिसेप्शनला बाप स्टेजवर नाही, वायरींत. पण त्याला त्यातच अभिमान. लोकांनी विचारलं की सांगत होता, "घरचा साउंड हाय."

धवले सुरू झाले. आणि काय सांगावं, खरंच लोक गप्प झाले. ऐरोलीकडची माणसं माना वळवून स्पीकरकडं बघू लागली. मीनाताई स्टेजवरून खाली उतरल्या, प्रितमपाशी गेल्या. आवाज थोडा कमी झाला तेव्हा त्यांचं बोलणं मागं स्पष्ट ऐकू आलं.

"काय आवाज आहे हो! कोण आहेत ह्या? असतील तर मला भेटायचंय."

प्रितमनं हेडफोन मानेवर घेतला. एकदा मागच्या रांगेकडं पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या गावातली होती एक म्हातारी. वारली ती."

"अरेरे," मीनाताई म्हणाल्या.

रंगूबाईनं हे कानांनी ऐकलं. पोटच्या पोरानं तिला हातासरशी मारून टाकलं, आणि कारण काय, तर समजावून सांगायचा कंटाळा. आतापर्यंत तिच्या मनात जी थोडी धाकधूक होती ती गेली. होऊ दे, ती म्हणाली. होऊ दे जे व्हायचं ते.

आणि त्याच वेळी तिच्या शेजारची खुर्ची सरकली. विमलबाई येऊन बसली.

अंगानं अर्धी झाली होती बाई. हातात भेटीचं पाकीट होतं, ते दोन्ही हातांनी धरलं होतं. "मावशी," ती म्हणाली, "येनार नव्हते. पन प्रितम बोल्ला तुमचं गानं वाजनार हाय. मनालीच्या हळदीपासून तुमचं गानं कानावर नाय पडलं. बोल्ले, ऐकून येऊ एकडाव."

रंगूबाईनं तिचा हात धरला. "विमल, तू जेवून घे जा," ती म्हणाली. "गर्दी व्हायच्या आधी जेवून घे. खाली जा."

"भूक नाय मावशी. बसते."

रंगूबाई उठली. खुर्च्यांमधून वाट काढत मिक्सरपाशी गेली आणि प्रितमचा दंड धरला. "बंद कर. बास झालं. शेवटचा नको लावू."

"आये, आता काय?" प्रितम दात आवळून म्हणाला. "लोकांना आवडतंय. तुजं रडगानं आता नको."

"मी सांगते ना, नको लावू!"

"कारण सांग."

कारण! एका वाक्याचं कारण होतं. त्यात नाव आहे, मी खोटं बोलले. एवढं म्हटलं असतं तर हात लांबवून त्यानं बटण दाबलं असतं. रंगूबाईनं तोंड उघडलं. समोर सून पैठणीत उभी होती, भाऊबंद होते, मीनाताई दोन पावलांवर होत्या. खोटं बोलले हे शब्द तिला गिळवेनात आणि बोलवेनात. ती म्हणाली, "मना बरं नाय वाटत."

"शांते, हिला बसव गो मागं," प्रितम म्हणाला. शांतीनं हसऱ्या चेहऱ्यानं सासूचं कोपर धरलं, असं धरलं की नखं रुतली, आणि तिला शेवटच्या रांगेत आणून बसवलं.

स्टेजवर मीनाताईंनी भाविकाचा हात हातात घेतला. शौनक बाजूला सरकला. फोटोवाल्यानं लाइट फिरवला. प्रितमला आईनं सांगितलेलं बरोबर आठवत होतं. त्यानं सोपवणी लावली, आणि पोरीचा शेवटचा धवला म्हणून आवाज चढवला.

"घे गो सासूबाय, पदर पसर," रंगूबाईचा आवाज सगळ्या हॉलभर झाला. "मनाली दिली तुजे पदरी. मनाली बाय माजी, जा गो मनाली."

पहिल्यांदा गावच्या बायका हलल्या. कुणीतरी "अगो बाय!" म्हणालं. ऐरोलीकडच्यांना काहीच कळलं नाही, ते टाळ्या वाजवू लागले. भाविकाला कळलं. मीनाताईंच्या हातातला तिचा हात तसाच राहिला आणि चेहरा पिठासारखा पांढरा पडला. शांती "बंद करा, बंद करा" ओरडत मिक्सरकडं धावली. प्रितमला बटणच सापडेना.

विमलबाई उठली होती. हातातलं पाकीट खाली पडलं. ती मधल्या मोकळ्या वाटेनं सरळ चालत स्टेजपाशी गेली, डाव्या स्पीकरला तिनं दोन्ही हात लावले आणि कान टेकवला. स्पीकर म्हणत होता, "जा गो मनाली, वळून बघू नको."

तेवढ्यात प्रितमनं वायरच उपटली. हॉल एकदम मुका झाला.

"कला बंद केली?" विमलबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मावशी बोलवत होत्या ना तिला. कला बंद केली?"

दोघी बायकांनी तिला धरून बाजूला खुर्चीवर बसवलं. मीनाताई खाली आल्या, काय झालं विचारू लागल्या, आणि सात जणांनी एकदम सांगायला सुरुवात केली. मेलेल्या पोरीचं रेकॉर्डिंग, नाव कापायचं राहिलं, अपशकुन. गावच्या बायका कपाळ बडवायच्या बाकी होत्या. शांतीचा भाऊ म्हणाला, आता लगेच खरं नाव घालून धवला म्हटला पाहिजे, नाहीतर पोरीला लागेल. आणि मग सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडं वळल्या.

प्रितम माईक घेऊन धावत आला. आईच्या पायाशी वाकला, खरंच वाकला. "आये, तूच गा. माझ्या भाविकाचं नाव घे. लवकर."

"मना नवरा नाय," रंगूबाई म्हणाली.

"आता ते काढू नको ना, आये!"

"म्हणजे ह्या... ह्या गाणाऱ्या तुमच्या आई आहेत?" मीनाताईंचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही तर म्हणालात वारल्या. अहो, मग ह्याच का नाही गायल्या? आम्हाला काय अडचण होती? आम्हाला कुणी विचारलंच नाही!"

शांतीनं मान खाली घातली. रंगूबाईनं हे सगळं पाहिलं. ती उठली. राखाडी पदर खांद्यावरून घेतला, प्रितमच्या हातातून माईक घेतला आणि मधल्या वाटेनं चालत निघाली. माणसं बाजूला होत होती. शेवटच्या रांगेतून स्टेजपर्यंत तिला वाट मिळाली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. प्रितमनं वायर लावली, माईक सुरू झाला.

भाविका खुर्चीपाशी एकटी उभी होती. काजळ गालावर उतरलं होतं.

"ये गो बाय," रंगूबाई म्हणाली आणि तिच्यापुढं उभी राहिली. चारशे वेळा जशी राहिली होती तशीच.

"आजी," भाविका म्हणाली, "पप्पांनी विचारलं तेव्हा मी तिथेच बसले होते."

माईक दोघींच्या मध्ये होता. सगळा हॉल ऐकत होता.

"त्यांनी दोनदा विचारलं. तू नाही म्हणालीस. तुला माहीत होतं."

रंगूबाईला येत होतं ते एकच. तिनं डोळे मिटले आणि सूर लावला. "घे गो सासूबाय, पदर पसर..." गळा चारचौघांत आठ महिन्यांनी उघडला होता, थोडा कापला, पण लागला. आता नावाची जागा आली. तिनं श्वास घेतला.

भाविकानं मेंदीचा हात तिच्या तोंडावर ठेवला. घट्ट दाबला.

"माझं नाव घेऊ नकोस," ती म्हणाली. "आज नाही, कधीच नाही. तुझ्या तोंडून माझं नाव मला नको."

प्रितमनं माईक बंद केला, पण तोवर सगळ्यांचं ऐकून झालं होतं. शौनकनं बायकोला खुर्चीत बसवलं. मीनाताईंनी रंगूबाईकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. रंगूबाई कठड्याला धरून स्टेजच्या पायऱ्या उतरली. तिला हात द्यायला कुणी पुढं झालं नाही, मुलगाही नाही.

पायऱ्यांच्या खाली विमलबाई उभी होती. बायकांच्या हातून सुटून परत आली होती.

"मावशी," ती म्हणाली, "त्यांचं ऱ्हाऊ दे. माज्या पोरीचं नाव घ्या ना एकडाव. मघाशी घेतलंत तसं."

रंगूबाईनं तिच्याकडं पाहिलं. ती विमलबाईला वळसा घालून मागं, हात धुवायच्या जागेकडं चालू लागली.

"एकदाच, मावशी," असं म्हणत विमलबाई तिच्या मागोमाग येत राहिली.